माया अमोल, पण श्रमाला मोल हवे

(जुहू येथील महिलांच्या मेळाव्यात घरगुती पाळणाघरे चालविणाऱ्या आणि चालवू इच्छिणाऱ्या भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला विषय दिला आहे तो पाळणाघराचे दर कसे ठरवावेत हा. मी कलाशाखेची पदवीधर, आयुष्य वृत्तपत्रात गेले. हिशेबाशी माझा संबंध महिन्याच्या पगारापुरता. तेव्हा एखाद्या सनदी लेखापालाला सोडून मला का बोलाविले, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, पाळणाघराच्या दराबाबत एक चूक माझ्या हातून झाली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

गोष्ट २००५ सालची. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. आमच्या शेजारच्या इमारतीत एक काकू पाच मुले सांभाळीत. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, महिन्याला आठशे रुपये. त्यात दुपारचा वरणभात, चारचे दूध आणि दिवेलागणीला शुभंकरोती. २६ जुलैचा तो मंगळवार मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. गाड्या बंद, रस्त्यांवर पाणी, दूरध्वनी मुके. मी दक्षिण मुंबईत कार्यालयात अडकले, यजमान ठाण्याला. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखल तुडवीत मी काकूंच्या दारात पोहोचले, तेव्हा माझा मुलगा आणि आणखी तीन मुले जमिनीवर एका रांगेत झोपली होती. वीज नव्हती. काकू पुठ्ठ्याने त्यांना वारा घालीत बसल्या होत्या. रात्रभर त्यांनी डोळ्याला डोळा लावला नव्हता.

ऑगस्टच्या एक तारखेला मी त्यांना आठशे रुपये दिले. नेहमीचेच. अधिक देऊ केले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत. दिवाळीनंतर त्या संकोचून म्हणाल्या, "अगं, दूध-गॅस महागलंय, पुढच्या महिन्यापासून दीडशे वाढवू का?" आणि मी, स्त्रियांच्या प्रश्नांवर अग्रलेख लिहिणारी मी, त्यांच्याशी घासाघीस करून ती वाढ शंभरावर आणली.

पुढच्या वर्षी काकूंनी पाळणाघर बंद केले. कारण विचारले तेव्हा त्यांनी मला त्यांची वही दाखविली. दूध, भाजी, गॅस, फिनेल, सारे नेटके लिहिलेले. त्या म्हणाल्या, "सूनबाईनं हिशेब मांडून दाखवला. माझे तास मी कधी लिहिलेच नव्हते." ते तास मीही मोजले. वाढीच्या आधी पाच मुलांचे चार हजार रुपये. खर्च पंधराशेच्या आसपास. उरले अडीच हजार. रोजचे दहा तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर तासाला दहा रुपयांहूनही कमी. दर कमी असला म्हणजे खर्च कमी होतो असे नाही. उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते. माझ्या मुलाच्या बाबतीत ती काकूंनी भरली. आज आपण दराचा विचार करू, तो हा एकच प्रश्न समोर ठेवून : उरलेली किंमत कोण भरतो?

श्रमाचे मोल ही आपली जुनी रीत

'मुले सांभाळण्याचे पैसे कसले मागायचे?' हा संकोच आपल्या पुष्कळ भगिनींना वाटतो. वात्सल्य विकण्यासारखे वाटते. हा संकोच सुसंस्कृतपणातून येतो, हे मी मान्य करते. पण परंपरेचेच प्रमाण हवे असेल, तर कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणात विधवा, अपंग, आणि घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांना घरबसल्या सूतकाताईचे काम कसे द्यावे, याचे नियम आहेत. मजुरी ठरवायची ती सुताचा बारीक, मध्यम की जाड असा कस पाहून, आणि ती देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. घरात बसून केलेल्या कामाला मोल असते, ते कामाच्या प्रतीप्रमाणे ठरते आणि वेळेवर द्यायचे असते, ही तीन सूत्रे त्यात आली. पाळणाघराला चौथे सूत्र लागत नाही.

अलीकडचा इतिहास तर आपल्या मुंबईचाच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. त्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेच्या दारात नेले. पापड लाटणे काय किंवा पोळ्या करणे काय, दोन्ही कामे 'बायकांची रोजचीच' म्हणून बिनमोलाची मानली जात. ती मोजली गेली, तेव्हाच त्या कामांना आणि त्या बायकांना प्रतिष्ठा आली.

बालसंगोपन तर त्याहून अवघड. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला आयुष्य वेचले, ते लहान मुलांना सांभाळणे हे शास्त्र आहे, हे समाजाला पटविण्यासाठी. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या येथील जुहू आवारात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. म्हणजे ज्या कामाचे शास्त्र आपल्या दारात शिकविले जाते, त्याच कामाचे दाम मागताना आपण मान खाली घालतो. हा विरोधाभास आपणच दूर केला पाहिजे.

दराची खालची कडा

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येते. दराला दोन कडा असतात. खालची कडा म्हणजे ज्याच्या खाली गेल्यास आपण पदरचे घालतो. वरची कडा म्हणजे ज्याच्या वर गेल्यास पालक दुसरी वाट धरतात. शहाणपणाचा दर या दोहोंच्या मध्ये असतो. बहुतेक भगिनी शेजारणीचा दर विचारतात, त्यातून दोनशे वजा करतात आणि पाटी लावतात. शेजारणीनेही तेच केलेले असते. यात दोघींनाही आपली खालची कडा ठाऊक नसते.

एक उदाहरण मांडते. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, आपापल्या घरचे घालून पाहावेत. समजा, आपण आठ मुलांपुरती जागा केली आणि मदतीला एक बाई ठेवल्या. मदतनीस बाईंचा पगार १४,००० रुपये. वीज, पाणी, गॅस ३,५०० रुपये. स्वच्छतेचे सामान १,५००. खेळणी, गाद्या, चादरी यांची झीज १,५००. औषधपेटी, विमा वगैरे ९००. मदतनिसांची दिवाळी आणि अडीअडचणीचा राखीव निधी ३,०००. एका मुलाच्या खाण्याला १,२०० रुपये धरले, तर आठ मुलांचे ९,६००. एकूण ३४,००० रुपये.

यात काकूंच्या वहीत नसलेली ओळ घालायची आहे, ती म्हणजे स्वतःचे तास. रोजचे अकरा तास आणि पंचवीस दिवस धरले तर २७५ तास होतात. तासाला ऐंशी रुपये धरले, तर २२,०००. एकूण झाले ५६,०००. भागिले आठ, म्हणजे दरमहा ७,००० रुपये. येथे बहुतेकजणी थांबतात, आणि येथेच फसगत होते. कारण आठही जागा बारा महिने भरलेल्या राहत नाहीत. एका मुलाची बालवाडी लागते, दुसऱ्याच्या वडिलांची बदली होते, मे महिन्यात तिसरे गावी जाते. सहाच मुले राहिली, की जमा ४२,००० होते. खाण्याचा खर्च थोडा उतरून एकूण खर्च ३१,६०० होतो. हाती उरतात १०,४०० रुपये. म्हणजे तासाला अडतीस रुपयेसुद्धा नाहीत. मदतनीस बाईंचा पगार आपल्या कमाईपेक्षा अधिक झाला!

म्हणून भागाकार आठाने न करता सहाने करावा. ३१,६०० अधिक २२,००० म्हणजे ५३,६००, भागिले सहा, म्हणजे सुमारे ८,९५० रुपये. ही या उदाहरणातील खरी खालची कडा. पूर्ण जागा भरलेल्या महिन्यांत जे अधिक उरेल, ते रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला ठेवायचे. ते नफा म्हणून खर्चून टाकायचे नाही.

या हिशेबात मी जागेचे भाडे धरलेले नाही. जुहूत खोलीचे भाडे पुरते धरले, तर दर कोणालाच परवडणार नाही. पण सोसायटीचे मासिक शुल्क आणि रंगरंगोटी यांचा वाटा तरी वहीत लिहावा. घर आपले आहे म्हणून ते फुकट नसते.

वरची कडा आणि स्पर्धा

आता वरची कडा. आपली स्पर्धा कोणाशी आहे? केवळ शेजारच्या पाळणाघराशी नाही. पालकांपुढे चार वाटा असतात : घरी दिवसभराची बाई ठेवणे, साखळी पद्धतीच्या मोठ्या पाळणाघरात घालणे, गावाहून आजी-आजोबांना बोलाविणे किंवा आईने नोकरी सोडणे. या चारही वाटांची किंमत काढून पाहा. आपल्या परिसरात दिवसभराच्या बाईंना काय द्यावे लागते, मोठ्या पाळणाघराचे शुल्क काय, त्यात जेवण येते की नाही, प्रवेशशुल्क वेगळे की कसे, ही माहिती उघडपणे विचारून घ्यावी. दराची तुलना करताना दराबरोबर काय काय मिळते, त्याचीही तुलना करावी. एकीकडे आठ हजारांत वीस मुलांमागे दोघीजणी आणि दुसरीकडे नऊ हजारांत आठ मुलांमागे दोघीजणी असतील, तर नऊ हजारांचाच दर स्वस्त आहे. फक्त ते पालकांना सांगता आले पाहिजे.

या संदर्भात एक मापदंड लक्षात ठेवावा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी जी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वीस मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असे प्रमाण आहे. हे किमान आहे. आपण याहून कमी मुले घेत असाल, तर तेच आपले बलस्थान. म्हणून दर उतरवून मुलांची संख्या वाढविण्याच्या मोहात पडू नका. दहावे मूल घेतले की जमेत भर पडते, पण दुसऱ्या मुलाच्या वाट्याचे लक्ष कमी होते. तेव्हा उरलेली किंमत कोण भरतो? ते बोलू न शकणारे बाळ.

दर एकच असावा असेही नाही. अंगावरचे वर्षाचे बाळ आणि शाळेतून येऊन चार तास थांबणारा पहिलीतला मुलगा, यांचे श्रम सारखे नसतात. बाळाचा दर अधिक असावा, अर्ध्या दिवसाचा दर निम्म्याहून थोडा जास्त असावा, कारण ती जागा दुसऱ्या अर्ध्यात भरेलच असे नाही. कूपर रुग्णालयातील परिचारिका किंवा विमानतळावर पाळीने काम करणाऱ्या माता यांच्यासाठी तासांचा हिशेब वेगळा ठेवावा. पाळीच्या वेळेला दार उघडे ठेवणारे पाळणाघर मोठ्या साखळीला जमत नाही, ते आपल्याला जमते. दोन भावंडांना सवलत द्यावी, पण ती देताना खालची कडा ओलांडू नये.

उशिराचा दंड

सर्वांना छळणारा प्रश्न म्हणजे उशिरा येणारे पालक. येथे मी परदेशातील एक प्रसिद्ध प्रयोग सांगते. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांची दोन अर्थशास्त्रज्ञांनी वीस आठवडे पाहणी केली आणि २००० मध्ये ती प्रसिद्ध केली. सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून अधिक उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हावा ही अपेक्षा, पण तो जवळपास दुप्पट झाला! पुढे दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. पूर्वी उशीर झाला की पालकांना शरम वाटत असे. दंड लागल्यावर 'पैसे भरले, आता हक्क झाला' असे त्यांना वाटू लागले.

मग काय करावे? किरकोळ दंड लावून नाते विकू नये. दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ज्यांना रोजच साडेसातपर्यंत थांबावे लागते, त्यांच्यासाठी त्या तासाचा रीतसर दर ठरवावा. तो दंड नाही, ती सेवा आहे. आणि ज्यांना क्वचित उशीर होतो, त्यांच्याशी तोंडाने बोलावे. पावसात, लोकल बंद पडल्यावर झालेल्या उशिराचे पैसे घेऊ नयेत. काकूंनी २६ जुलैच्या रात्रीचे पैसे मागितले नाहीत, ते योग्यच होते. चूक माझी होती. ज्या माणसाने ती रात्र पदरची दिली, त्याला दीडशे रुपयांची रास्त वाढ मी नाकारली. संकटातील माया मोजायची नसते, पण म्हणून रोजचा श्रमही न मोजणे हा अन्याय आहे.

आधी लिहावे, मग बोलावे

अटी कागदावर असाव्यात. शुल्क महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत घ्यावे. एका महिन्याची अनामत ठेवावी. मूल गैरहजर असले तरी जागेचे पैसे द्यावे लागतील, मात्र खाण्याचे वजा होतील. पाळणाघराच्या सुट्ट्या वर्षारंभीच कळवाव्यात. आणि दरवाढ दरवर्षी जूनमध्ये होईल, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. माझ्या काकूंना वाढ मागताना जो संकोच झाला, तो अशा एका ओळीने टळला असता.

कायद्याच्या बाजूही सांभाळाव्यात. सोसायटीला लेखी कळवून संमती घ्यावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. तेवढे करून ठेवले की बँकेत आणि पालकांपुढे आपण उघड्या मानेने उभ्या राहतो.

आणखी एक संधी सांगते. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याचा अधिकार दिला. ही तरतूद आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि खासगी वा सेवाभावी संस्थांचे सामायिक पाळणाघर वापरण्याची मुभाही तीत आहे. अंधेरी-जुहू भागातील कार्यालयांना अशी जागा हवी असते. चार भगिनींनी एकत्र येऊन, नियमांची पूर्तता करून त्यांच्याशी बोलणी करावीत. मग शुल्काचा काही वाटा मालक उचलेल. उरलेली किंमत भरणारा योग्य माणूस सापडेल.

नेहरूनगरच्या लेकरांचे काय?

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. दर रास्त ठेवले, तर ज्यांना ते परवडत नाहीत त्यांचे काय? आपल्या या जुहूत बंगले आहेत, कोळीवाडा आहे आणि नेहरूनगरची वस्तीही आहे. तेथील भगिनी आपल्या घरी येऊन आपली मुले सांभाळतात. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी कोठे असतात, हे आपण क्वचित विचारतो.

केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे महिन्याला वीस, शंभर आणि दोनशे रुपये असे तीन टप्पे होते. तो दर शक्य झाला, कारण उर्वरित भार सरकारी तिजोरीवर होता. कॅनडातील क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर असा दर ठेवला, तोही उरलेला भार सरकारने उचलला म्हणून. घरगुती पाळणाघराला अशी तिजोरी नसते. म्हणून माझी सूचना अशी की, आठांपैकी एक जागा सेवेची ठेवावी. आपल्याकडे काम करणाऱ्या मदतनीस बाईंच्या मुलापासून सुरुवात करावी. मात्र ही सेवा वहीत स्पष्ट लिहावी : 'एक जागा, सवलत इतकी.' इतर पालकांना ती सांगावी. कोणी वाटा उचलील, कोणी खेळणी देईल. समजून-उमजून दिलेले दान असते. न कळत स्वतःच्या मजुरीतून झिरपून गेलेले केवळ नुकसान असते, त्याला सेवा म्हणून आपण आपलीच समजूत घालतो.

आणि मदतनीस बाईंचा पगार कमी करून दर उतरविणे, ही स्पर्धा आपल्याला नको. जी भगिनी आपल्या श्रमाला मोल मागते, तिने दुसरीच्या श्रमाला आधी मोल दिले पाहिजे.

आज घरी गेल्यावर आपण एकच गोष्ट करावी. वही उघडावी आणि महिनाभरात आपण किती तास उभ्या असतो, ते लिहावे. आणि या सभेत जे पालक आहेत, त्यांनी आपल्या मुलाला सांभाळणाऱ्या ताईंना, काकूंना, मावशींना उद्या विचारावे, 'आपला हिशेब बसतो ना?' मी हा प्रश्न वेळेवर विचारला नाही. माझा मुलगा आज तेवीस वर्षांचा आहे. अजूनही पाऊस जोराचा लागला की तो त्या पुठ्ठ्याच्या वाऱ्याची आठवण काढतो. काकूंनी पाळणाघर बंद केल्याला आता वीस वर्षे होत आली. त्या दीडशे रुपयांतले पन्नास मला आजही देणे आहेत.